अल्फियाची बोटं

डायलिसिसच्या खोलीत अल्फियाच्या बोटांची जेवढी चर्चा होई, तेवढी स्थळ बघायला आलेली माणसं मुलीच्या नाकाडोळ्यांचीही करत नसतील. बोटं तशी काही देखणी नव्हती. लांब, हाडकुळी, उजव्या हाताची करंगळी एकीकडे वाकलेली. पण सांगलीतल्या त्या खाजगी हॉस्पिटलात सकाळच्या पाळीला येणारे सहाही पेशंट दाराकडे डोळे लावून त्याच बोटांची वाट बघत पडलेले असत.

काम ऐकायला सोपं आहे. ज्याची मूत्रपिंडं थकली, त्याच्या हातात दोन जाड सुया घालायच्या. एकीतून रक्त मशिनीत जातं, धुऊन निघतं आणि दुसरीतून परत येतं. चार तास पडून राहायचं, घरी जायचं, एक दिवस सोडून पुन्हा यायचं. हे जन्मभर. सुई शिरेत नेमकी बसली तर ठीक, नाहीतर तिथं लिंबाएवढी सूज येते आणि भलाभला गडी आईच्या नावानं ओरडतो. अल्फिया शिरेवर दोन बोटं ठेवायची, आतली थरथर लागेपर्यंत गप्प राहायची आणि सुई अशी घालायची की पेशंटच विचारायचा, "घातली व्हय? कवा?"

या बोटांवर सगळ्यात जास्त हक्क सांगायचे ते कुंडलचे नाथाजी सुभेदार. लष्करात निम्मी हयात काढलेला माणूस, मिशा अजून पीळ धरून, गावात उसाची चांगली जमीन. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांचा मुलगा शंभूराज त्यांना गाडीत घालून आणायचा. खोलीत आले की बाही दुमडायची, हात पुढे करायचा आणि सांगायचं, "अल्फियाला बोलवा." दुसऱ्या कुणी सुई हातात घेतली की हात बाहीत. अल्फियाच्या हाताखाली दीपमाला नावाची नवी टेक्निशियन होती, गुणी पोर. तिला तर नाथाजी ट्रेसुद्धा धरू देत नसत.

त्या खोलीची एक रीत होती. कुणी ठरवलेली नव्हती, पण मोडायचंही कुणी नाही. तिथं पुढच्या पाळीपलीकडचं कुणी बोलत नसे. गुरुवारी भेटू, शनिवारी तुमच्यासाठी भाकरी आणते, इथवर ठीक. पुढल्या दिवाळीला, पुढल्या वर्षी, असं काही चुकून तोंडातून निघालंच, तर बाकीचे मशिनीवरच्या आकड्यांकडे बघू लागत. एकदा शेजारच्या पलंगावरच्या शालूबाईंनी नाथाजींना विचारलं होतं, "आवं सुभेदार, तुमची वरची पट्टी पडूनच हाय म्हनं. आडसाली न्हाई लावली?" आडसाली म्हणजे पावसाळ्यात लावायचा आणि दीड वर्षानं तोडायचा ऊस.

"दीड वर्साचं पीक लावून बघायला कोण ऱ्हातंय?" नाथाजी म्हणाले. "तोडलेल्या उसाचा खोडवा फुटलाय, तेवढा बास."

शालूबाईंनी मान वळवली आणि मशिनीवरचे आकडे वाचायला घेतले.

हीच बोटं संध्याकाळी हातमोज्यांत जायची. अल्फिया सांगलीच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर होती, आणि ही काही आजकालची हौस नव्हती. तिचे वडील शमशेरभाई पिंजारी. शंभर फुटी रोडला त्यांचं कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान. गादी भरून झाली, टाके अजून पडायचे आहेत, अशी संधी साधून ही पोर लांबून पळत यायची आणि गादीवर आडवी उडी घ्यायची. शमशेरभाई ओरडायचे. चारपाच वेळा ओरडून दमल्यावर त्यांनी जुन्या कापसाची एक वेडीवाकडी गादी तिला वेगळी भरून दिली. अल्फिया पडायला शिकली ती त्या गादीवर. शाळेच्या मैदानावर बाकीच्या पोरी पडायला घाबरायच्या. हिला पडणं म्हणजे घरचं काम वाटायचं.

लोक बोलले. लोकांना काय, तोंड फुकट मिळालेलं असतं. पिंजाऱ्याची पोरगी चड्डी घालून चिखलात लोळते, हिच्याशी लग्न कोण करणार? शमशेरभाई दाभणात दोरा ओवता ओवता म्हणायचे, "लोळू दे की. आमच्या घरात रोज ढीगभर खोळी धुतात, त्यात हिची एक जर्सी काय जड हाय?" लग्नाचं मात्र त्यांनी कधी उत्तर दिलं नाही. अल्फियानं तर नाहीच नाही.

विद्यापीठाच्या संघात ती गोल राखायची. राज्याच्या शिबिराला बोलावणं आलं तेव्हा नेमकी डायलिसिसच्या कोर्सची परीक्षा आली, आणि घरात धाकटी भावंडं होती, म्हणून तिनं परीक्षा दिली. तेव्हा सगळे म्हणाले, चला, सुटलं एकदाचं खूळ. सुटतंय कुठलं! ती नोकरीला लागली आणि ड्युटी संपली की स्कूटी थेट मैदानावर. संघ तरी कसला, सगळ्या कामाच्या बायका. कॅप्टन क्रांती कुपवाडच्या कारखान्यात मशिनीवर उभी राहायची. एक जण ब्यूटी पार्लर चालवायची, एकीचं तान्हं मैदानाच्या कडेला आजीच्या मांडीवर झोपलेलं असायचं. यांना कुणी बूट दिले नाहीत, बस दिली नाही, टाळ्यासुद्धा दिल्या नाहीत. आणि अल्फियाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ऑगस्टात, हा संघ पहिल्यांदा स्पर्धेच्या फायनलला गेला. सामना शनिवारी, साताऱ्यात, साताऱ्याच्याच संघाशी.

बुधवारी हॉस्पिटलचे मॅनेजर नानासो यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"तुझी तक्रार आलीय," ते म्हणाले.

"कुणाची सुई चुकली?"

"सुई नाही. तू गोलकीपर आहेस, ही तक्रार आहे."

अल्फियाला आधी हसूच आलं. मग नानासोंनी नाव सांगितलं आणि हसू जागच्या जागी वाळलं. तक्रार नाथाजी सुभेदारांची होती. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून, समोर बसून सांगितलं होतं की हिचा फुटबॉल बंद करा, माझा जीव हिच्या बोटांवर हाय.

त्यामागं कारण होतं, हे अल्फियालाही ठाऊक होतं. मागच्या वर्षी सरावात तिची करंगळी मोडली आणि हात पट्टीत गेला. नाथाजींनी दीपमालाला हात द्यायला साफ नकार दिला. एक पाळी चुकवली, मग दुसरी चुकवली. अंगात पाणी साठत गेलं, छातीत शिरलं, आणि एका दुपारी त्यांना जीभ बाहेर काढून श्वास घेत असलेल्या अवस्थेत आयसीयूत आणलं. तिथं त्यांना भान नव्हतं, तेव्हाच कुणीतरी सुया घातल्या आणि जीव वाचला. त्यांचा तो निळा पडलेला चेहरा अल्फियाच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. ती आयसीयूच्या दाराबाहेर पट्टीतला हात धरून उभी होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं होतं की आपण खेळायला नको होतं.

"शनिवारी रजा नाही," नानासो म्हणाले. "आणि यापुढं खेळ की नोकरी, एक काय ते ठरव. पुन्हा बोट मोडून आलीस तर मला तुझा उपयोग नाही."

"साहेब, तुमचा क्रिकेटचा संघ हाय ना हॉस्पिटलचा? ऑपरेशनवाले डॉक्टर त्यात विकेटकीपर हायत."

"त्यांची गोष्ट वेगळी."

कशी वेगळी, ते नानासोंनी सांगितलं नाही. अल्फियानंही विचारलं नाही, तिला ते चांगलं माहीत होतं. पण नानासोंचा तिला राग नव्हता. त्यांच्याकडून तिनं कधी वेगळी अपेक्षाच केली नव्हती. जीवाला लागलं ते नाथाजींचं. ज्या माणसाच्या हातातली प्रत्येक शीर आपल्या ओळखीची आहे, त्यानं तोंडावर बोलायचं सोडून पाठीमागं जावं, हे तिला सहन होईना.

संध्याकाळी ती मैदानावर न जाता दुकानात गेली. शमशेरभाई लग्नाच्या गादीला टाके घालत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला, डोळे भरले. शमशेरभाईंनी टाका पुरा केला, दोरा तोडला.

"म्हातारा चुकला," ते म्हणाले. "पण बेटा, त्याला लाडावलं कुणी?"

"मी?"

"तर कोण? तुझ्याबिगर त्याचं चालत न्हाई, हे तू घरी येऊन किती वेळा सांगितलंस? तोंड भरून सांगतीस. त्या दुसऱ्या पोरीला कवा पुढं केलंस तू? त्यानं नको म्हटलं की तूच पुढं. तुला गोड लागत हुतं ते."

अल्फियानं तोडलेल्या दोऱ्याचा तुकडा बोटाला गुंडाळला. तिला राग आला, कारण ते खरं होतं. मागच्या वर्षीचा धडा तिनं उलटा गिरवला होता. हात बरा झाल्यावर दीपमालाला शिकवायचं सोडून ती रजाच घेईनाशी झाली होती. आपण नसलो की काय होतं ते बघा, असं मनाच्या कोपऱ्यात कुठंतरी तिला वाटत होतं, आणि त्याची तिला आता लाज वाटली.

"मग सोडू खेळ?" तिनं विचारलं.

"असं कवा म्हटलं मी?" शमशेरभाईंनी दाभण पुन्हा उचललं. "तू सोडलंस तर ती गादी मी कुणाला देऊ?"

गुरुवारी नाथाजी नेहमीसारखे आले. वजन केलं, पलंगावर बसले, बाही दुमडली, हात पुढे केला. अल्फियानं ट्रे आणून शेजारी ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहिली.

"टोच की गं," नाथाजी म्हणाले.

"आज दीपमाला टोचंल, तात्या."

"का? बोटं मोडली व्हय?"

"न्हाई. चांगली हायत."

"मग?"

"मग असं हाय, की शनवारी मी साताऱ्याला खेळायला जाणार हाय. तुमी साहेबांकडं जाऊन माझा खेळ बंद करा म्हणून सांगितलं, म्हणून मी तुमच्या तोंडावर सांगती. तुमाला सुई घालताना माझा हात कवा हलला न्हाई, हलणार बी न्हाई. पण बोटं माझी हायत, तात्या. तुमच्याकडं गहाण न्हाई ठेवली."

नाथाजींच्या मिशा थरथरल्या. असं त्यांच्याशी त्यांची सूनही बोलत नव्हती, मुलगा तर नाहीच.

"मी चाललो घरी," ते उठले.

"जावा. पण तुमच्या अंगात पाणी साठलंय, जिन्यात दम लागंल. शंभूराजला हाक मारते."

"नगं कुणी!" म्हणत ते बाहेर गेले. घरी मात्र गेले नाहीत, व्हरांड्यातल्या बाकावर बसले. दार उघडंच होतं आणि त्यांची पाठ आतून दिसत होती. अल्फिया दुसऱ्या पेशंटांच्या मशिनी लावत राहिली. हा माणूस खरंच निघून गेला तर? शनिवारीही आला नाही तर? मागच्या वर्षीसारखा निळा होऊन आला तर? एकदा वाटलं, जावं आणि त्यांचा हात धरून आत आणावं, दोन सुया घालाव्यात, संपलं. तिनं तसं केलं नाही. आज ती त्यांच्यामागं गेली असती, तर जन्मभर मागंच जावं लागलं असतं.

मदतीला आल्या शालूबाई. हातात सुया, रक्त मशिनीत फिरतंय, उठायची सोय नाही, म्हणून त्यांनी पडल्या पडल्या आवाज लावला.

"आवं सुभेदार! ह्या दीपमालानं मला किती येळा टोचलंय, मी मेले का? तुमचा हात काय चांदीचा हाय? फौजेत तुमी गोळी झाडणारा निवडून घेत हुता व्हय, ह्यो नगं, त्यो पाठवा म्हणून?"

आधी एक जण हसला, मग सगळी खोलीच हसली. सुया टोचलेली, पाणी मोजून पिणारी पाच माणसं पोट धरून हसत होती. फौजी गडी काहीही सोसेल, हसणं सोसत नाही. नाथाजी आत आले, पलंगावर बसले आणि हात दीपमालाच्या पुढे असा टाकला, जसा काही तो त्यांचा नव्हेच.

"घाल," ते म्हणाले.

दीपमालाची पहिली सुई चुकली. शिरेशेजारी सूज आली, नाथाजींनी दात आवळले, आणि दीपमालाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. अल्फियाचे हात आपसूक पुढे यायला निघाले. तिनं पाठीमागं स्वतःचंच मनगट घट्ट धरलं.

"वर," ती एवढंच म्हणाली. "सुजेच्या वर जा. बोट ठेव आणि थांब. थरथर लागू दे."

"रडू नगंस," नाथाजी दीपमालाला म्हणाले. त्यांचा आवाज दुखण्यानं जाड झाला होता. "भरतीला आलेल्याचा पहिला नेम कुणाचाच लागत न्हाई. दुसरी घाल."

दुसरी बसली. तिसरीही बसली. मशीन सुरू झालं, दीपमालानं पदराला पुसावेत तसे डोळे ॲप्रनच्या बाहीला पुसले. नाथाजींनी अल्फियाकडे बघितलंसुद्धा नाही. चार तासांनी जाताना दारात थांबले.

"आज दिला हात," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "शनवारचं काय सांगत न्हाई."

अल्फिया नानासोंच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्यानंच सांगितलं की शनिवारी मी नाही, दीपमाला आहे, तिनं आज नाथाजींना सुया घातल्या आहेत. नानासो म्हणाले, याचा परिणाम काय होईल ते मंगळवारी बघू. "बघा," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

शनिवारी साताऱ्याच्या मैदानावर इतका चिखल होता की चेंडू उसळायच्या ऐवजी चिकटायचा. अल्फियाला चिखलाचं काही नव्हतं. तिचं मन सांगलीत होतं. पहिल्या हाफमध्ये तिनं दोन चेंडू अडवले, पण त्यातला एक हातातून निसटता निसटता राहिला, आणि क्रांती लांबून ओरडली, "अल्फे, कुठं हायस तू?"

मध्यंतराला तिनं पिशवीतून फोन काढला. दीपमालाचा निरोप होता. सकाळची पाळी संपली. तात्या आले नाहीत. शंभूराज फोन उचलत नाही.

अल्फिया तशीच मटकन खाली बसली. आता नाथाजींना किती दम लागला असेल, ते आडवे पडू शकत असतील की नाही, हे तिला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त कळत होतं. क्रांतीनं तिच्या हातातला फोन घेतला, वाचला.

"जायचं असलं तर जा," क्रांती म्हणाली. "मी अडवणार न्हाई. गोलात मी उभी ऱ्हाते. पण एक सांग, तू आता निघालीस तर पोचशील कवा? आणि पोचून काय करशील? तिथं सुई घालणारी हाय. सुई घालून घेणारा न्हाई."

खरं होतं ते. आणि तरीही अल्फियाला वाटलं की आपण चुकलो, एका म्हाताऱ्या माणसाशी हट्टाला पेटलो, आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर हा खेळ आपल्याला पुन्हा कधी गोड लागणार नाही. मग तिला नाथाजींचा राग आला. भरभरून आला. माझ्या एका सामन्यावर तुम्ही तुमचा जीव ठेवता? असा कसा ठेवता? मी काय तुमचं मशीन आहे? तिनं फोन पिशवीत टाकला, हातमोजे चढवले.

"चल," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसायलाही तयार नव्हती.

दुसऱ्या हाफमध्ये अल्फिया जी खेळली, तशी ती आधी कधी खेळली नव्हती. पुढे येऊन चेंडू उचलला, पायांत घुसून उचलला, साताऱ्याच्या प्रेक्षकांनी तिला आधी शिव्या दिल्या आणि मग टाळ्या. साताऱ्याला पेनल्टी मिळाली. त्यांची उंच फॉरवर्ड पळत आली, अल्फिया डावीकडे आडवी झाली, जशी लहानपणी गादीवर व्हायची, आणि चेंडू तिच्या उजव्या हाताच्या बोटांना लागून बाहेर गेला. चेंडूबरोबर करंगळीही गेली. तिला ते ऐकू आलं. तिनं मोजा काढला, करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधली, मोजा पुन्हा घातला आणि पंचाला म्हणाली, "चालू करा."

शेवटी सांगली हरली. अगदी शेवटाला कॉर्नरवरून डोक्यानं मारलेला चेंडू तिच्या हाताला लागून आत गेला. बोट धड असतं तर अडला असता का, हे तिला सांगता आलं नसतं. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. अल्फिया लंगडल्यासारखी चालत पिशवीपाशी गेली आणि डाव्या हातानं फोन काढला. दीपमालाचा नवा निरोप होता.

तात्या दुपारच्या पाळीला आले. दोन्ही सुया पहिल्या झटक्यात बसल्या. बोलले काहीच नाहीत. पाय चिखलानं भरले होते, मला फरशी पुसावी लागली.

अल्फियानं ते क्रांतीला वाचून दाखवलं आणि मग हरल्याचं रडू नि हे रडू एकत्रच रडून घेतलं.

मंगळवारी ती हॉस्पिटलला गेली ती करंगळीला पत्र्याची पट्टी बांधून. लपवायचं तिनं मनातही आणलं नव्हतं. नानासो खोलीच्या दारातच उभे होते. पट्टी बघून त्यांनी मान हलवली. आपण सांगितलं होतं ते खरं झालं, असा आनंद त्यांच्या तोंडावर पसरला.

"केबिनमध्ये ये," ते म्हणाले.

"सुया लावून होऊ द्यात," अल्फिया म्हणाली. "दीपमालाच्या शेजारी उभी ऱ्हाते. मग येते, आणि काय बोलायचं ते बोला. खेळ मी सोडणार न्हाई, एवढं आधीच सांगती, म्हणजे तुमचा वेळ वाचंल."

नाथाजी पलंगावर बसले होते. त्यांनी तिच्या पट्टीकडे बघितलं, मग बाही दुमडली आणि हात पुढे केला. हात दीपमालाच्या पुढे होता. दीपमालानं बोटं ठेवली, थांबली, एक सुई घातली, दुसरी घातली.

"शनवारी सकाळी कुठं हुता तात्या?" अल्फियाला राहवेना. "माझा जीव टांगणीला लागला हुता."

"लावण हुती. माणसं सकाळचीच मिळाली. बांधावर उभं ऱ्हायला नगं का कुणी?"

"कसली लावण?"

"वरच्या पट्टीत. आडसाली."

शेजारच्या पलंगावर शालूबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. नाथाजी मशिनीत फिरणाऱ्या आपल्या रक्ताकडे बघत राहिले.

"माझा जीव एका पोरीच्या बोटाला टांगल्याला," ते म्हणाले. "त्येच्यावर दीड वर्साचं पीक कसं लावावं माणसानं? भ्या वाटत हुतं. म्हणून गेलो साहेबाकडं. तुझ्या तोंडावर बोलायची छाती झाली न्हाई." त्यांनी मोकळ्या हातानं दीपमालाकडे बोट केलं. "आता दोन पोरी झाल्या. मोडंना का एकीचं बोट." मग मान वळवून दाराकडे आवाज टाकला, "साहेब, मी काय बोललो हुतो ते परत घेतलं. आणि ह्या पोरीला कुठं घालवलं, तर म्या बी जाणार, ही समदी बी जाणार. मग मशिनी धूत बसा."

"मी बी," शालूबाई तोंड इकडं वळवून म्हणाल्या.

नानासोंना काहीतरी बोलायचं होतं. सहा पलंगांवरून बारा डोळे त्यांच्याकडे लागले होते. त्यांनी घड्याळ बघितलं आणि आपल्याला दुसरं काम असल्याचं त्यांना आठवलं.

"हरलीस म्हनं," नाथाजी अल्फियाला म्हणाले.

"हरलो. एका गोलनं."

"पेनल्टी अडवलीस, असं शंभूराज सांगत हुता. फोनात बघितलं त्यानं."

"अडवली."

"हं." नाथाजींनी मिशीला पीळ दिला. "मग पुढल्या वर्षी कुठं हाय मॅच?"

खोलीत कुणी मशिनीच्या आकड्यांकडे बघितलं नाही. सगळे अल्फियाकडे बघत होते. पुढची स्पर्धा कुठं होणार, ते तिला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. तिनं पट्टी बांधलेला हात वर केला.

"सांगलीत," ती म्हणाली, सहाही पलंगांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "पुढल्या वर्षी सांगलीतच घ्यायला लावते. तुमी समद्यांनी यायचं."